मोरदांडचं तपेलं

खैराटात माणूस मेलं की सावित्री नदीच्या काठी जळतं, राख पाण्याला जाते आणि नाव भांड्यावर उरतं. देवळामागच्या खोलीत गावकीची भांडी आहेत. लग्नाला, बाराव्याला, पालखीला सगळ्या गावानं वापरायची. टोप, पराती, तपेली, आणि प्रत्येकावर कुणाचं तरी ‘स्मरणार्थ’ ठोकलेलं. हयातीत ज्यांचं एकमेकांशी क्षणभर पटलं नाही, तीही माणसं तिथे मुकाट्यानं एकात एक बसली आहेत.

सदू हा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. वय अठ्ठ्याहत्तर, हट्ट मात्र ऐन जवानीतला. यंदा शिमग्याच्या पालखीआधी आईच्या स्मरणार्थ एक मोठा टोप द्यायचं त्यानं गावकीत कबूल केलं होतं. टोप महाडच्या बाजारात तयार होता. दुकानदार शनिवारपर्यंत नाव मागत होता आणि तिथेच घोडं अडलं होतं. सदूला आपल्या आईचं नाव माहीत नव्हतं.

त्याला वाढवलं सावत्र आईनं, आनंदीबाईनं, आणि चांगलं वाढवलं. ती असेपर्यंत ‘मला जन्म दिला तिचं नाव काय’ असं विचारायला त्याची जीभ रेटली नाही. बाप तर तो विषयच काढू देत नसे. आनंदीबाई गेली, तिच्या नावाची परात खोलीत लागली आणि दुसरीचं नाव कुठेच नाही हे सदूला सलायला लागलं. तो दहा महिन्यांचा असताना ती पटकीच्या साथीत गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं. तिचं माहेर कुठलं तेही कुणी सांगितलं नाही, आणि माहेरचं कुणी कधी फिरकलंही नाही. जावळाला मामाची मांडी नव्हती. लग्नात मागे उभा राहायला मामा नव्हता, शेजारच्या चंदूला उभा केला. “मामाच्या घरचा एक घास माझ्या पोटात नाय,” असं तो जन्मभर सांगत आला होता, आणि सांगताना दर वेळी तेवढाच तापायचा.

“बाबा, काहीतरी टाका ना, लक्ष्मीबाई वगैरे,” मुलगा प्रवीण मुंबईहून फोनवर म्हणाला. “कोण बघणार आहे?”

“मी बघणार हाय,” सदू म्हणाला आणि फोन ठेवला.

लेक पूजा बिरवाडीला शाळेत शिकवते. ती रजा काढून आली. बापलेकीनं दोन दिवस खोलीतली भांडी उपडी केली. आजा सापडला, चुलते सापडले, बापाच्या नावाचे तर दोन टोप निघाले. आई निघाली नाही. मग सदू गावातल्या सगळ्यांत जुन्या माणसाकडे, रंगूबाईकडे जाऊन बसला.

“नाव?” म्हातारी म्हणाली. “सुनेला नावानं कोन हाक मारतंय रे? मोरदांडची होती, मोरदांडीन म्हनायचो. चालायची अशी, की लाकडाला गेलो की आमी सगळ्या मागं.”

“अजून काय?”

“अजून काय नाय. दोन वर्सं तर होती.”

मोरदांड पोलादपूरच्या वर, डोंगरात. त्या फाट्यावर सदूनं शेकडो वेळा गाडी थांबवली होती, उतारू उतरवले होते. त्यातलं कुणी आपलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पूजाच्या स्कूटरवर मागे बसला.

“बाबा, त्यांनी ओळखच दिली नाही तर?”

“ओळख कुणाला हवीय? नाव घेतो न् येतो.”

मोरदांडच्या देवळाची किल्ली सहदेव नावाच्या साठीच्या माणसाकडे होती. त्यानं दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आमच्या गावकीची भांडी तुमी कशाला उपडी करायची?”

“आईला शोधतोय,” सदू म्हणाला.

सहदेवनं कुलूप काढलं.

दीड तासानं, सगळ्यांत तळाला, तांब्याचं एक जाड, ठिगळ लावलेलं तपेलं निघालं. पूजानं कड पुसली आणि ठोकलेली अक्षरं वाचायला लागली. “कै. भागू व तिचे बाळ...” ती थांबली. सदूनं तपेलं दाराशी उजेडात ओढलं आणि स्वतःच वाचलं. कै. भागू व तिचे बाळ सदू यांच्या स्मरणार्थ. भाऊ गंगाराम. सन १९४७.

“ती माजी आत्या,” सहदेव मागून म्हणाला. “गंगाराम माजा बाप. खैराटवरनं निरोप आला, माय-लेकरू दोघंबी गेली. साथीमुळं वाटा बंद, कुणाला जाता आलं नाय. तुमी कोन तिचे?”

“त्यातलं बाळ,” सदू म्हणाला.

तो उंबऱ्यावरच बसला. पोर मामाकडे जाईल या भीतीनं बापानं त्याला निरोपात मारून टाकलं होतं. बापाचा त्याला भयंकर राग आला. आणि ज्या मामाला त्यानं जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्या विचारानं लाज वाटली. तो सरळ रडला, लेकीसमोर, लपवलं नाही.

सहदेव जवळ येऊन बसला. “दादा, ते ‘सदू’ घासून काढू का? जित्या मानसाचं बरं नाय दिसत.”

“हात लावू नको.”

“पालखीला पहिला भात यातच शिजतो,” सहदेव सांगू लागला. “आजीनं घालून दिलेलं हाय. पहिली दोन पानं बाजूला काढायची, एक भागूचं, एक बाळाचं. आजवर चुकवलं नाय.”

सदूनं तपेल्यावर हात ठेवला. मग त्यानं डोळे पुसले आणि महाडला फोन लावला. “लिहून घ्या. भागू, मोरदांडची, तिच्या स्मरणार्थ. मुलगा सदू. हां, भागू. तेच नाव.”

फोन खिशात टाकून तो उठला.

“सहदेव, यंदा पालखीला आईचं पान काढ. माझं काढू नको. मी येतो जेवायला.”