मडमेची गवती टोपी

तंजावरचं राज्य खालसा झालं तेव्हा राजघराण्याला तनखा मिळाला. कुंभकोणच्या व्यंकोबा पगडीबंदांना कुणी विचारलंही नाही. पगड्या बांधून घेणारी डोकीच उरली नाहीत.

अशात एका गोऱ्या साहेबाच्या मडमेनं आपली जुनी गवती टोपी पाठवली. काठ कापून नव्या तऱ्हेची करायची होती. पसंत पडली तर बाकीच्या मडमांच्याही येणार. नाही पडली, तर चूल कशावर पेटायची हे व्यंकोबांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी काठ कापला, सुरेख वळवला आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या बाजूला कुंकू लावलं. कुंकवावाचून पगडी त्यांच्या घरातून बाहेर जात नसे.

"अहो, मडमेची टोपी ती!" त्यांची बायको सुंदरीबाई ओरडल्या. त्यांनी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, तेव्हा डाग तळहाताएवढा झाला.

तो झाकायला व्यंकोबांनी वडिलांच्या पगडीचं जरीकापड उलगडून त्याचा टोपीला एक वेढा दिला. एकटा वेढा वाकडा दिसला, म्हणून दुसरा दिला. मग हात थांबेनात.

"पुरे हो! गवत दिसेना झालं!"

साहेबाचा शिपाई टोपी न्यायला दारात आला तेव्हा निर्दोष पगडी तयार होती. त्यानं ती चहूबाजूंनी पाहिली.

"टोपी कुठाय?"

"आत आहे," व्यंकोबा म्हणाले, आणि पगडी काही हातातून सोडीनात.