बांधीचा ठिपका

मी एक जुना जोडप्रोग्रॅम आहे, मित्रांनो. मला एक्स्टेंशन म्हणतात. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. नाव, आकडा, तारीख त्याला जन्मतःच कळतात. जमिनीचा आकार मात्र कळत नाही. तो कळावा म्हणून मला बाहेरून आणून जोडतात. देशोदेशीच्या लोकांनी मला हौसेनं घडवलं, आणि देवानंद नावाच्या ऑपरेटरनं गोंदिया जिल्ह्यातल्या एका कचेरीच्या मशीनला जोडलं.

जंगलाच्या कडेला कोण कुठे धान पिकवतं, हे नोंदायचं होतं. चिचगडच्या रुख्माबाई मोजणीचं यंत्र हातात धरून आपल्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून अनवाणी चालल्या, मागे देवानंद. त्यांची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, विळ्यासारखी, टेकडीला वळसा घालून गेलेली. वर जंगल, खाली धान. तो वळसा मी जसाच्या तसा सांभाळला. भिंतीवर नकाशा लागला तेव्हा साहेबांनी मशीनचं कौतुक केलं. माझं नाव कोणी घेतलं नाही. वाईट वाटलं, पण हाताला काम होतं.

मग नवं मशीन आलं. आम्हा जोडप्रोग्रॅमांना नव्या घरी आपोआप जाता येत नाही, पुन्हा जोडावं लागतं. देवानंदनं थोडी खटपट केली आणि कंटाळला. नव्या डेटाबेसला आकार नाही, पण ठिपका तेवढा स्वतःचा स्वतः ठेवता येत होता. घरात सोय असताना बाहेरचा कशाला, असं ठरलं. प्रत्येक बांधीचा मध्य माझ्याकडूनच काढून घेतला आणि तिथे ठिपका ठेवला. देवानंदनं ते आपल्या गावच्या, बिरसीच्या बांध्यांवर ताडून पाहिलं. तिकडच्या बांध्या सपाट, चौकोनी. सगळे ठिपके बरोबर धानात पडले. गरज सरो, वैद्य मरो! मी जुन्या मशीनसकट कपाटावर गेलो.

पण विळ्याचा मध्य विळ्यात नसतो. रुख्माबाईंचा ठिपका पडला टेकडीवर. यादीत त्यांच्या नावापुढे ‘शेती जंगलात’ असा शेरा बसला, आणि उन्हाळ्यात वनखात्यानं वाट अडवायला त्यांच्या बांधीच्या तोंडाशी चर खणला.

रुख्माबाई कचेरीत आल्या. आवाज चढवला नाही.

“बाबू, माही बांधी टेकडीवर काऊन दाखवून राहिले? टेकडीवर कधी धान होते का?”

देवानंदनं पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “काकी, चूक माहीच आहे. तुमचा धुरा जुन्या मशीनमंदी आहे.”

त्यानं मला खाली उतरवून सुरू केलं. मी तो वळसा पडद्यावर दाखवला. रुख्माबाईंनी बोट फिरवून आपला धुरा ओळखला. मला केवढी आशा वाटली! साहेबांनीही पाहिलं. बरोबर असेल, म्हणाले. पण नोंद नव्या मशीनचीच धरतात, आणि ती यादी वर मंजूर होऊन गेली आहे. देवानंदनं पुन्हा मोजणीसाठी अर्ज केला. त्यालाही नकार आला.

मित्रांनो, जुनं टाकण्याआधी त्याच्याकडे कुणाचं काय ठेवायला दिलं होतं, एवढं तरी विचारा. मला जपा असं मी म्हणत नाही. माझं आता काही होणार नाही, आणि रुख्माबाईंचंही नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला आहे. त्या यंदा दुसऱ्यांच्या बांधीत रोवायला जातात, असं देवानंद सांगत होता. वाटेत त्यांची बांधी लागते. तिच्यात पाणी भरलंय आणि गवत वर आलंय.