मेहुण्याच्या कानाचं माप

बायको गुणगुणायला लागली आणि डरकाळ्याच्या पोटात दुखायला लागलं.

तसं बघायला गेलं तर गुणगुणणं हा काही गुन्हा नव्हे. बाई आपली ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती, मधूनच नाक ओढत होती आणि तोंडातल्या तोंडात एक चाल घोळवत होती. पण चाल होती तिच्या धाकट्या भावाची. नवरा बारा वर्षं हेवी मेटल बँडमध्ये घसा फोडत होता, त्याची एक तरी ओळ हिने कधी गुणगुणली होती का? नाव नको. आता त्याच्या ओळी म्हणजे स्मशान, राख, कवट्या असला सगळा कारभार. कांदा चिरताना बाईने तसलं काही सुरू केलं असतं तर शेजारी धावत आले असते, हेही खरं. पण म्हणून काय झालं? जळायचं ते जळलंच.

डरकाळ्या हे नाव त्याला बँडच्या चाहत्यांनी दिलं होतं आणि ते त्याला फार आवडायचं. दिवसा मात्र हा माणूस दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून जबड्यांची मापं यायची. हा त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासून-पुसून चकचकीत करायचा. हात इतका हलका, की त्याच्या कवळीने हिरडी दुखली अशी तक्रार वर्षाकाठी एखादी. संध्याकाळी सहाला अ‍ॅप्रन काढला की स्वारी थेट टायरच्या गोदामात. तिथे चौघं तालीम करायचे: ड्रमर, गिटारवाला, बेस वाजवणारा मेहुणा आणि डरकाळ्या फोडायला हा. मेहुण्याला घरीदारी सगळे बारक्या म्हणत. तिशी उलटली तरी बारक्याच.

गोदाम पत्र्याचं. आवाज असा घुमायचा, की कप कपाटातून खाली यायचे. सगळे लवकरच बहिरे होतील या काळजीने पहिल्याच वर्षी डरकाळ्याने सगळ्यांना कानांची बुचं करून दिली होती. दातांच्या मापासारखंच काम. मऊ सिलिकॉन कानात भरायचं, पाच मिनिटांत ते घट्ट होतं, मग त्या साच्यावरून बूच.

"याने झांजांची किंचाळी अडते," तो ऐटीत सांगायचा. "माझा खर्ज मात्र आत येतो. खालचा आवाज कशानेच अडत नाही, बाळांनो."

"म्हणजे भावजी, तुमच्यापासून काही सुटका नाही," बारक्या हसून म्हणायचा.

बरे दिवस होते ते. पुढे गर्दी आटली. साठ काळे टी-शर्ट यायचे त्यांचे तीस झाले, तिसांचे अठरा. त्या अठरांतही एक ड्रमरची सासू, आणि ती घरी न्यायला आलेली. तेव्हा एके दिवशी ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "जरा लोकांना कळेल असं काहीतरी वाजवूया का? कान उघडे ठेवून ऐकता येईल असं?"

गिटारवाल्याने लगेच मान हलवली. डरकाळ्या नाही म्हणायला तोंड उघडतोय तेवढ्यात बारक्या हळूच म्हणाला, "माझ्याकडे एक आहे. पण फार साधं आहे."

साधं म्हणजे किती साधं? एका जिन्यातल्या दिव्यावर गाणं. घरातलं एक माणूस उशिरा यायचं आहे म्हणून कुणीतरी जिन्यातला दिवा चालू ठेवतं, बस. एवढंच. आणि तो जिना डरकाळ्याचा होता हो! दिवाही त्याचाच. बारा वर्षं तालमीवरून परत येताना तो त्याच दिव्याखालून वर चढत होता. बायको तो चालू ठेवायची. रोज. आणि या महाशयांना त्या दिव्याखालून जाताना सुचायचं काय, तर कवट्या. मेहुणा चार दिवस राहायला आला, त्याने एकदा वर बघितलं आणि गाणं घेऊन गेला. हे काही केल्या घशाखाली उतरेना.

गाणं असलं पसरलं, की विचारू नका. पावाच्या दुकानात तेच. सलूनमध्ये तेच. लॅबमध्ये समोरच्या टेबलावर कवळ्या घासणारी मुलगीसुद्धा तेच म्हणायची, आणि वर विचारायची, "काका, हे तुमच्याच बँडचं ना? तुम्ही काय करता त्यात?"

काय करता त्यात! ड्रमरने त्याला त्या गाण्यात एक खुळखुळा दिला होता. "इथे ओरडायचं नाहीये," तो समजावणीच्या सुरात म्हणाला होता, "नुसतं हलव. मस्त वाटतं." बारा वर्षं ज्याच्या आवाजाने पत्रे थरथरले तो माणूस आता हातात खुळखुळा घेऊन उभा. आरशात स्वतःला बघून त्याची त्यालाच लाज वाटली.

अशात मोठ्या मैदानावरचा कार्यक्रम ठरला. शनिवारी दुपारी, चार हजार माणसं. एवढ्या मोठ्या मैदानावर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्यासाठी कानात छोटे स्पीकर बसवतात, इअरपीस म्हणतात त्याला. तो कानात घट्ट बसला तर सूर सापडतो. फट राहिली की बाहेरचा कल्ला आत येतो आणि गाणारा भरकटतो. तो कानाच्या मापाने करून घ्यावा लागतो, आणि तो करणार कोण? बारक्या दुसऱ्या कुणाकडे जायला तयारच नव्हता.

"भावजी असताना बाहेर कशाला?" तो लॅबच्या खुर्चीत बसत म्हणाला आणि कान पुढे केला.

आता एक गोष्ट अशी, की माणसाने जबडा उघडला की कानाची नळीही आतून थोडी बदलते. बोटाने चाचपून बघा हवं तर. त्यामुळे गाणाऱ्याच्या कानाचं माप घेताना त्याचं तोंड उघडं ठेवायचं असतं, दातांमध्ये ठोकळा धरून. जबड्यांमध्येच ज्याचं आयुष्य गेलं त्या डरकाळ्याला हे ठाऊक नसणार तर कुणाला? ठोकळा समोरच्या ट्रेमध्ये होता. त्याने ठोकळ्याकडे बघितलं, बारक्याच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं आणि सिलिकॉन भरायला घेतलं. "तोंड उघड" हे दोन शब्द तो बोलला नाही. बाकी काम नेहमीसारखं चोख केलं.

इअरपीस दिसायला देखणे झाले. बोलताना घट्ट बसायचे. बुधवारच्या तालमीत बारक्याने ते घातले, पहिलं कडवं गोड म्हटलं, वरच्या पट्टीसाठी तोंड उघडलं आणि सूर घसरला. पुन्हा घेतलं, पुन्हा घसरला. सातव्यांदा त्याचा चेहरा लाल झाला. डरकाळ्या कोपऱ्यात खुळखुळा हलवत होता. त्याला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला? फार बरं वाटत होतं.

"इअरपीस तर बरोबर आहेत ना?" ड्रमरने विचारलं.

"भावजींच्या कामात खोट नसते," बारक्या म्हणाला. "माझाच कान कच्चा आहे. खोलीत बसून गाणं वेगळं. शनिवारी हे गाणं नको, आपण जुनंच वाजवू. भावजी आहेत ना, ते सांभाळून नेतील."

झालं. हवं होतं ते मिळालं. शनिवारी चार हजार माणसं आणि समोर डरकाळ्या. घरी येताना तो जिना दोन-दोन पायऱ्या चढला.

बायको ओट्याशी उभी होती. हातात सुरी, समोर कांदा. गुणगुणणं मात्र बंद.

"बारक्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "बेससुद्धा आता दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणतोय. लहानपणी एकदा शाळेत गाताना चुकला होता, त्यानंतर वीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं त्याने. आत्ता कुठे उघडलं होतं." तिने सुरी खाली ठेवली. "अहो, तुम्ही बघा ना काहीतरी. तुमचं ऐकतो तो."

डरकाळ्या जेवायला बसला. त्याला वाटलं होतं, ती गुणगुणायची थांबली की घर कसं शांत वाटेल. शांत झालं होतं खरं. पण ती शांतता त्याला बसू देईना, आणि मेहुण्याचं ते वाक्य तर कवळीत अडकलेल्या दाण्यासारखं टोचत होतं. भावजींच्या कामात खोट नसते म्हणे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने बारक्याला लॅबवर बोलावलं. सगळे बाहेर गेले होते. कवळ्या घासायची चाकं बंद, पंखा तेवढा चालू.

"माप जरा हललं असेल," तो नजर चुकवत म्हणाला. "पुन्हा घेऊ. हा ठोकळा दातांत धर. तोंड उघडं ठेव आणि अजिबात हलू नकोस, नाहीतर पुन्हा बिघडेल."

बारक्याने मुकाट्याने ठोकळा धरला. डरकाळ्याने त्याच्या दोन्ही कानांत सिलिकॉन भरलं आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं. समोर मेहुणा आ वासून बसलेला, कान बुजलेले, डोळे छताकडे. त्याला बघून डरकाळ्याला काय झालं कुणास ठाऊक, तो स्टूल ओढून जवळ बसला आणि छातीतून येणाऱ्या त्याच्या त्या खर्जात बोलायला लागला.

"परवा हा ठोकळा मी मुद्दामच दिला नाही तुला. मला माहीत होतं तू घसरणार. मला तेच हवं होतं. तुझी ताई तुझं गाणं गुणगुणते रे. माझं एकही नाही, बारा वर्षांत एक नाही. आणि दिवा माझ्या जिन्यातला. मी रोज त्याच्याखालून गेलो आणि मान वर केली नाही. तू चार दिवस आलास आणि घेऊन गेलास. मी जळतो तुझ्यावर. आत्तासुद्धा जळतोय. हे नीट करून देतोय ना, तरी जळतोय."

बारक्या छताकडे बघत राहिला. घड्याळ वाजलं. डरकाळ्याने साचे अलगद काढले, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "झालं. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"बरं," बारक्या जबडा चोळत म्हणाला आणि गेला.

मन हलकं झालं. ऐकणाऱ्याला ऐकू न जाता कबुली देता येते याच्यासारखी सोय नाही, असं डरकाळ्याला वाटलं. नवे इअरपीस त्याने असे घडवले, की आजवर एकही कवळी तशी केली नसेल. शुक्रवारच्या तालमीत सूर केसभरही हलला नाही. गाणं परत यादीत आलं.

शनिवारी स्टेजमागच्या तंबूत बाहेरचा गलका ऐकू येत होता. बारक्याने इअरपीसची डबी उघडली, पण हात लावला नाही.

"भावजी, तुम्हीच बसवा."

डरकाळ्याने एक बसवला, मग दुसरा बसवला. "तोंड उघड," तो म्हणाला. बारक्याने उघडलं. कुठे फट नव्हती.

"आता काहीतरी बोला," बारक्या म्हणाला.

"काय बोलू? तुला आता काही ऐकू येणार नाही."

"येतंय की. खालचा आवाज कशानेच अडत नाही, बारा वर्षं तुम्हीच सांगताय."

डरकाळ्या चपापला. आपल्याच फुशारकीचं वाक्य, आणि आपणच कसे विसरलो? "म्हणजे परवा तू..."

"सगळं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, तोंड उघडं ठेव, हलू नकोस, बिघडेल. बोलणार कसा?"

डरकाळ्याने रिकामी डबी मिटली. मग विचारलं, "ताईला सांगितलंस?"

"नाही." बारक्याने बेस गळ्यात अडकवला. "चला. खुळखुळा घ्या."

स्टेजवर ऊन होतं. चार हजार माणसं त्या दिव्याचं गाणं म्हणायला लागली. पुढच्या रांगेत त्याची बायको उभी होती, डोळे मिटून, भावाच्या प्रत्येक शब्दासोबत ओठ हलवत. एकदाही तिने इकडे बघितलं नाही. बारक्याने वरच्या पट्टीसाठी तोंड उघडलं. डरकाळ्याची नजर त्याच्या कानावर होती. इअरपीस जागचा हलला नाही. पोटात तसंच दुखत होतं, तीळभरही कमी झालं नव्हतं, आणि तो ताल न चुकवता खुळखुळा हलवत होता.