पहिला नकार

डिसेंबरमध्ये लिमफ्योर्डच्या काठावर सकाळ फार सावकाश होते. आधी काळोख नुसता पातळ होतो. मग कुंपणाची वरची तार दिसू लागते, तिच्यामागे नांगरून ठेवलेले काळे शेत, आणि शेतापलीकडे खाडीच्या पाण्याची एक लांबट पट्टी. तिला स्वतःचा रंग नसतो, आभाळ देईल तो ती मुकाट्याने घेते. सूर्य दिसत नाहीच. तो ढगांमागे कुठेतरी उठून बसला असावा, एवढे फक्त वस्तूंच्या कडांवरून कळते. पत्र्याच्या टाकीची कड उजळते, मग झेंड्याच्या रिकाम्या खांबाची, मग अंगणातल्या डबक्यांची. उजेड असा एकेका वस्तूपाशी थांबत, जणू परवानगी मागत घराकडे येतो आणि उंबऱ्याशी पोचेपर्यंत आपण कशासाठी निघालो होतो तेच विसरल्यासारखा निस्तेज होतो.

एस्किल स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून ते पाहत होता. उजेड आता फरसाठी पाळायच्या मिंकच्या छपरांखाली शिरला होता. लांबच लांब, बुटकी, बाजूंनी उघडी छपरे. त्यांखाली जाळीच्या पिंजऱ्यांच्या रांगा, सगळे पिंजरे रिकामे. पूर्वी या वेळी तिथे हजारो नखांची खरखर चाललेली असे. बाबांची खाद्याची गाडी फटफटत रांगेतून निघाली की मुंगसाएवढी, रेशमी केसांची ती जनावरे जाळीला चिकटून उभी राहत. आता उजेड एका टोकातून आत जाई आणि दुसऱ्या टोकातून बाहेर पडे. मध्ये त्याला अडवायला काहीच उरले नव्हते.

खिडकीच्या फळीवर फोन होता. त्याचे बाबा, थ्योगर, ओल्बोर्गच्या इस्पितळात होते. सकाळची फेरी झाली की कळवू, असे तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या: स्वतःचा श्वास अजून पुरतो आहे, की यंत्रावर ठेवावे लागणार. यंत्रावर गेलेले त्या वयाचे सगळेच परत येत नाहीत, हेही त्यांनी हलक्या आवाजात सांगून ठेवले होते.

थ्योगरांनी लस घेतली नव्हती. गावात सगळ्यांना ते ठाऊक होते आणि त्याचे कारणही आपल्याला ठाऊक आहे, असे सगळ्यांनाच वाटत होते.

मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केले की मिंकच्या अंगात विषाणूने नवे रूप घेतले आहे. ते माणसांत पसरले तर येऊ घातलेली लस फुकट जाईल. म्हणून देशातला एकूणएक मिंक मारायचा. थ्योगरांच्या छपरांखाली एकही जनावर आजारी नव्हते. पैदाशीसाठी निवडून ठेवलेल्या माद्या, ज्यांच्या कुळी त्यांना स्वतःच्या आजोळापेक्षा पाठ होत्या, त्याही गेल्या. तसा हुकूम काढायला कायद्याचा आधारच नव्हता, हे मागाहून उघड झाले. थ्योगर तेव्हाही आरडाओरडा करणाऱ्यांत नव्हते. ते फक्त रोज पहाटे उठून, कपडे चढवून, रिकाम्या रांगांतून एक फेरी मारून येत. एस्किल ओर्हूसच्या विद्यापीठातून थोडे दिवस सोबतीला म्हणून आला होता; तो परत गेलाच नाही.

पुढे वसंतात लशी आल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ शंका आल्या. एका लशीने काही जणांच्या रक्तात गुठळ्या होतात म्हणून ती आधी थांबवली, मग देशातून बादच केली. मग विषाणूचे आणखी एक रूप आले, मग आणखी एक.

"मिंकच्या विषाणूला नुसता नंबर दिला," थ्योगर बातम्या ऐकताना म्हणत. "शहरी विषाणूला बघ, ग्रीक अक्षर! त्यातही मानपान."

"तुम्हाला भीती वाटते का लशीची, बाबा?" एस्किलने एकदा विचारले होते.

"मला?" थ्योगर हसले होते. "दर जुलैला प्रत्येक पिल्लाला मी याच हातांनी टोचलंय. सुईशी माझं भांडण नाही रे. ती धरणाऱ्या हाताशी आहे. त्याने एकदा तरी चुकलं म्हणावं."

एस्किल मात्र सगळे वाचत राहिला. गुठळ्या, हृदयाची सूज, कुठल्याशा गावात टोचून घेतल्यावर कोसळलेला धडधाकट मुलगा. बाबांसाठी वाचतो आहे, असे तो सांगे.

ऑक्टोबरात लशीची बस गावात आली. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ती उभी होती. नाव नोंदवायची गरज नाही, कुणीही यावे. थ्योगर आदल्या दिवशी जेवताना, बटाट्याची साल काढत, सहज म्हणाले, "उद्या खिळे आणायला दुकानात जायला हवं."

एस्किल गाडी घेऊन निघाला. दुकानातून बाहेर पडल्यावर थ्योगर गाडीकडे न वळता बसपाशी जाऊन उभे राहिले. दारात एक तरुण परिचारिका होती, बोलण्यावरून राजधानीतली, कोपनहेगनची.

"या ना, काका," ती म्हणाली. "रांगसुद्धा नाहीये. दोघांचंही आत्ताच उरकून टाकू."

"नको, नको," थ्योगर म्हणाले. "माझ्यासारख्या जुन्या खोडावर कशाला वाया घालवता. गरज असेल त्याला द्या."

"बरं, तुमची मर्जी," ती हसून म्हणाली. "आणि तू रे?"

"मी बाबांबरोबर घेईन," एस्किल म्हणाला. "ते घेतील तेव्हा."

तिने मान हलवली आणि हातावर हात चोळत ती आत वळली.

त्या भागात कुणाच्या घरी कॉफी पुढे केली तर पहिला नकार हा नमस्कारासारखा असतो. दुसरा नकार म्हणजे रीत. यजमान तिसऱ्यांदा आग्रह करतो, तेव्हा पाहुणा म्हणतो, "बरं, घोटभर," आणि कप काठोकाठ भरला जातो. पहिल्याच नकारावर किटली उचलून नेणारा माणूस तिथे एकतर परका असतो, नाहीतर त्याला पाहुणा नकोसा झालेला असतो. यात शिकवण्यासारखे काही नाही. मुले ते बोलायला लागण्याआधी शिकतात.

थ्योगर जागचे हलले नाहीत. त्यांनी टोपी काढली, परत घातली. बसचे चाक न्याहाळले. "टायर चांगले घातलेत," ते म्हणाले. मग त्यांनी मुलाकडे पाहिले, आणि त्या भागातल्या माणसाला शोभणार नाही इतका वेळ पाहत राहिले.

एस्किल दुकानाच्या छपरावरच्या समुद्रपक्ष्यांकडे बघत होता.

"निघायचं?" तो म्हणाला.

"निघू की," थ्योगर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी जाकीट आणि स्वेटर काढून खुंटीला टांगले. आत अर्ध्या बाह्यांचा सदरा होता, उन्हाळ्यातला, इस्त्री केलेला. बाहेर बोचरा वारा होता आणि डबक्यांवर सकाळी बर्फाची साय धरली होती. एस्किलने सदरा पाहिला आणि भांडी विसळायला घेतली.

नोव्हेंबरच्या अखेरीस थ्योगर गावच्या सभागृहात पत्ते खेळायला गेले आणि खोकला घेऊन आले. एस्किलच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. बाबा घराच्या त्या टोकाला, तो या टोकाला. दारापाशी ताट ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. "फार काही नाही," दारापलीकडून थ्योगर म्हणत राहिले, शब्दांत श्वास मावेनासा झाला तोवर.

अंगणात सायकल थांबली. थ्योगरांची बहीण, डाग्नी आत्या, मुखपट्टीवर मफलर गुंडाळून, राईचा पाव बगलेत घेऊन आत आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली.

"तोंड धुतलंस, की कालपासून त्या खिडकीलाच टांगलेला आहेस?"

"फोन यायचाय, आत्या."

"तू बघत बसलास म्हणून लवकर येणार आहे का तो? हा पाव काप. रेडिओवर अजून एक नवं अक्षर आलंय, ऐकलंस? आता म्हणे तिसरी सुई घ्या. मी घेतली. बाहूला उकडलेल्या अंड्याएवढी गाठ आली, दोन दिवस भावाला शिव्या घातल्या. त्याने काय केलं होतं? पण घातल्या." ती थांबली. "हट्टी बैल."

"त्यांनी स्वतःच नाही म्हटलं, आत्या. बसपाशी. मी होतो ना तिथे."

"बसपाशी?" डाग्नीने मफलर सोडला. "थ्योगर बसपाशी गेला होता? आपण होऊन?"

"खिळे आणायला गेलो होतो."

"खिळे!" ती म्हणाली. "त्याच्या पडवीत अख्ख्या चर्चला पुरतील एवढे खिळे आहेत." मग ती पुढे झुकली. "कितीदा विचारलं त्याला?"

"एकदा. त्या नर्सने."

"आणि मग?"

"मग काय. ती कोपनहेगनची होती. तिला काय कळणार?"

"ती कोपनहेगनची होती, बाळा," डाग्नी म्हणाली. "तू नाहीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर एस्किलला काही बोलता आले असते. बाबांच्या मनाविरुद्ध जायचे नव्हते, लोकांदेखत त्यांना आग्रह करणे बरे दिसले नसते, जनावरे गेलेल्या माणसावर आणखी काय लादायचे: हे सगळे त्याने ऑक्टोबरपासून मनात इतक्यांदा मांडले होते की ते गुळगुळीत झाले होते. आता ते हातात धरवेना.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाईंनी फार शब्द वापरले नाहीत. यंत्रावर ठेवत आहोत. झोपवण्याआधी भेटायचे असेल तर आत्ताच निघा.

ओल्बोर्गच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ओली शेते आणि शेतांवर तोच थकलेला उजेड. डाग्नी शेजारी बसून होती. इस्पितळात एकालाच आत सोडत होते. "तू जा," ती म्हणाली.

दाराशी एका वयस्कर परिचारिकेने त्याच्या हातात झगा दिला. काचेपलीकडे थ्योगर दिसत होते. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, छाती भात्यासारखी. त्यांनी मुलाला पाहिले आणि पांघरुणावरचा हात जरासा उचलला, फार काही नाही म्हणावे तसा.

"लस झालीय ना तुझी?" परिचारिकेने झग्याच्या नाड्या बांधत विचारले.

"नाही."

तिचे हात थांबले. "मग दुहेरी मुखपट्टी लाव. आणि जवळ वाकू नकोस." तिने दुसरी मुखपट्टी पुढे केली. "का नाही घेतलीस?"

"बाबांना..." एस्किलने सुरुवात केली. "आमच्याकडे मिंक होते. सरकारने ते..."

"ते कळलं मला. त्यांचं नाही विचारलं," ती म्हणाली. "तुझं विचारलं."

काचेपलीकडे बाबा वाट पाहत होते. त्यांच्या उघड्या दंडावर चिकटपट्टीने नळी बसवली होती आणि ते तिच्याकडे, हे काम कुणी नीट केले आहे की नाही हे जोखत असल्यासारखे, शांतपणे पाहत होते. बसच्या दारात एस्किलने एकदा जरी आग्रह केला असता तर ते आत गेले असते. आणि ते आत गेले असते, तर त्यांच्यामागून त्यालाही जावे लागले असते.

बाबांना भीती कधीच वाटली नव्हती. भीती त्याला वाटत होती.