नोकवांडाचे गुडघे

ते साल दोन हजार चौदा. वजन उतरवायच्या नव्या पथ्यापायी केपटाउनमधल्या खात्यापित्या घरांतून त्या वर्षी पाव हद्दपार झाला होता.

"नोकवांडा, आजपासून पाव नाही, भात नाही, बटाटा नाही," हार्डिंगबाईंनी फर्मान काढले.

"मग काय, उपास करायचा मॅडम?"

"छे गं! अंडी, मटण, लोणी. पोटभर."

हे पथ्य म्हणायचे की लग्नघर! बावीस वर्षे त्या घरी रांधणाऱ्या नोकवांडाने मुकाट्याने फुलकोबी किसून त्याचा भात केला. पण बसमधून शहराबाहेरच्या गुगुलेतू वस्तीत घरी परतताना तिच्या डोक्यात चक्र सुरू झाले. तिचे वजन एकशे अठरा किलो. चर्चच्या बायका दर गुरुवारी लाल ब्लाउज, पांढरी टोपी घालून प्रार्थनेला जमत आणि गुडघे टेकत. वजनापायी गुडघे वाकत नसल्याने सहा वर्षे ती एकटीच दाराजवळ खुर्चीत बसत होती. देवापुढे पाहुण्यासारखे बसायचे, याची तिला फार लाज वाटे.

बदामाचे पीठ तिला कुठले परवडायला! तिने कोबी, अंडी, डब्यातले मासे आणि शनिवारी वजडी असे पथ्य धरले. मक्याचा भरडा सोडला. पहिला आठवडा डोके नुसते ठणकले. तिसऱ्या आठवड्यात हार्डिंगबाई फडताळाआड केक खाताना सापडल्या.

"कुणाला सांगू नकोस हं!"

"मी कशाला सांगू? तोंड पुसा तेवढं."

आठ महिन्यांत नोकवांडा तीस किलो उतरली. पण ज्या वस्तीने एड्सने तरणीताठी माणसे झिजून गेलेली पाहिली, तिथे बारीक होण्याचे कौतुक कोण करणार? एका दुखवट्याला तिने वाफेवरचा पाव परत केला, तेव्हा वाढणारी चर्चमधली मामटोलो म्हणाली, "गिळवत नाही ना तुला?"

"गिळवतं की. पावाऐवजी मटणाचा एक तुकडा वाढ."

"मयताच्या घरी दोन तुकडे! लाज सोडलीस काय गं?"

पुढच्याच गुरुवारी मामटोलो दहा बायका घेऊन दारात उभी. सगळ्या लाल ब्लाउजमध्ये. हातांत साखर, पीठ, भरडा. आजाऱ्याकडे न्यावे तसे.

"दुखणं लपवू नये, बाई. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करायला आलोय."

"अगं, मला धाड भरलीय का?"

"सगळे असंच म्हणतात. तू बस खुर्चीत."

बायकांनी गुडघे टेकले. नोकवांडाने खुर्ची भिंतीकडे सारली. पलंगाची कड धरली, मग सोडली. एक गुडघा सिमेंटवर टेकला. मग दुसरा.

मामटोलोची प्रार्थना अर्ध्यावरच अडकली.

"थांबलीस का? चालू दे," नोकवांडा म्हणाली.

"अगं, पण तुला उठता येईल ना?"

"उठायचं मग बघू. सहा वर्षांचं साठलंय माझं."

हार्डिंगबाई पुढे पर्थला मुलाकडे गेल्या आणि सुखाने पाव खाऊ लागल्या. नोकवांडाचे आठ किलो परत आले; ते ती हसून सांगते. मामटोलोने पथ्य विचारून घेतले, दोन महिने पाळलेही.

कोरोनाच्या साथीच्या वर्षी मामटोलो गेली. दफनाला पन्नासच माणसांना परवानगी, आणि नोकवांडा काही नात्यातली नव्हे. ती लाल ब्लाउज घालून कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर थांबली. आतून गाण्याचे सूर आले, तशी रस्त्याकडेच्या खडीवर तिने गुडघे टेकले.

"आजी, उठा. इथं थांबायचं नाही," पोलीस हळूच म्हणाला.

"झालं की उठते, बाळा."

तो टोपी काढून बाजूला उभा राहिला.