अण्णांच्या जुन्या कॅसेटी

"ही लागली तर मशीन घेतो, नाही तर नको," असं म्हणून उमाकांतने खिशातून काळी कॅसेट काढली आणि काउंटरवर ठेवली.

एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली निम्मी दुकानं त्याची पालथी घालून झाली होती. व्हिडिओ गेम सगळ्यांकडे होते, नवेकोरे आणि रंगीबेरंगी, पण त्यांच्या खाचेत ही कॅसेट बसायचं नाव घेत नव्हती. एक दुकानदार तर तोंडावरच हसला होता. हा दुकानदार, रविकुमार, मात्र हसला नाही. त्याने कॅसेट उलटसुलट करून पाहिली, स्टुलावर चढला आणि माळ्यावरून धुळीने माखलेलं एक काळं मशीन खाली काढलं.

"वापरलेलं आहे सार, खोटं कशाला सांगू? पण याची एक गंमत आहे. याला याची स्वतःची कॅसेट चालते, आणि याच्या आधीचं जे मशीन होतं ना, त्याचीपण चालते. नवी सून आली म्हणून कंपनीने सासूला घराबाहेर काढलं नाही. तुमची कॅसेट त्या सासूची."

"लावून दाखवा."

टीव्हीवर खरखर झाली, मग वरून विमानं उतरायला लागली. उमाकांतचा चेहरा उजळला. खेळायचा दांडा तेवढा कुरकुरत होता. उमाकांत जातीचा शिंपी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून शिलाई मशिनींसाठी घेतलेली तेलाची बाटली खिशातच होती. कुरकुर ऐकून त्याचा हात आपोआप तिकडे गेला.

"अय्यो, बेड सार, नको!" रविकुमार ओरडला. "शिलाई मशीन नव्हे ते! मुलासाठी घेताय का?"

"हो, तसंच समजा," उमाकांत म्हणाला.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. हा मुलगा छप्पन्न वर्षांचा होता. त्याचं नाव पिराजी, चिकपेटेतल्या त्यांच्या दुकानाचे कटिंग मास्तर आणि उमाकांतचे थोरले भाऊ. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. कोट अण्णांनी कापायचा आणि उमाकांतने शिवायचा, अशी वाटणी वडील गेले तेव्हापासूनची. कापड बिघडलं तर शिवणाऱ्याने काय करायचं, असं म्हणून उमाकांत जन्मभर निर्धास्त राहिला होता.

वहिनींच्या, म्हणजे पुष्पावतीच्या, भावाने कधीकाळी कुवेतहून व्हिडिओ गेम आणला. पोराबाळांपेक्षा त्याचं वेड लागलं अण्णांना. दुकान बंद झालं की दोघे भाऊ टीव्हीसमोर बसायचे आणि दररोज उमाकांत हरायचा. पुढे व्होल्टेज वाढून मशीन जळलं आणि कॅसेटी तेवढ्या उरल्या.

आणि आता चार महिन्यांपूर्वी लकव्याने अण्णांचा उजवा हात गेला. बोलणं जरा जड झालं, पाय कसाबसा चालू लागला, पण हात मांडीवर ठेवला की तिथेच. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. अण्णांनी तो डाव्या हाताने खिडकीतून रस्त्यावर टाकला. "आवडीचं काहीतरी काम द्या त्या हाताला," डॉक्टर म्हणाले, आणि उमाकांतला कॅसेटी आठवल्या.

त्याला घाई होती ती दसऱ्याची. दसऱ्याला पूजा उठली की देवीच्या खणाला पहिली कात्री लागायची, आणि ती अण्णांची. एकाही वर्षी यात खंड पडला नव्हता. नवमीचा सबंध दिवस दुकान बंद. दिवसभर अण्णा खेळले, बोटं जरा सैल झाली, तर खणापुरती कात्री धरतील, असा त्याचा हिशेब. तो वेडगळ आहे हे त्यालाही कळत होतं. पण भावाची कात्री थांबलेली त्याला बघवत नव्हती.

एरवी भाव करण्यात उमाकांत चिकपेटेत कोणाला ऐकणारा नव्हे, पण त्याने फारशी घासाघीस न करता मशीन उचललं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढे दुकान, मागे घर. वहिनींनी दुकानात पाट मांडून शिलाई मशिनी, इस्त्री, टेप, कात्र्या असं सगळं पुसून ओळीने लावलं होतं. उमाकांतच्या हातातलं मशीन त्यांनी पाहिलं, पदराने पुसलं आणि इस्त्रीशेजारी ठेवून दिलं.

"वहिनी, ते नको! ते खेळायचं आहे!"

"यंत्र म्हटल्यावर यंत्र. इस्त्रीला कुंकू लावायचं आणि याला का नको? स्वल्प दम धर की. दसऱ्याला घे."

उमाकांतने कपाळावर हात मारला. घरात आयुधं एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. खिशात तेलाची बाटली घेऊन हिंडणाऱ्या शिंप्याने नेमकं तेच विसरावं! तो आशेने अण्णांकडे वळला.

खुर्चीतून अण्णा मशीनकडे बघत होते. "असू दे," ते जड जिभेने म्हणाले, "तिथंच." अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विषय संपला.

नवमीला रस्त्यावर कोहळे फुटले, शेजारीपाजारी येऊन चुरमुरे-बत्तासे घेऊन गेले. अण्णा दिवसभर पूजेसमोर बसून होते. उमाकांत आतबाहेर करत राहिला. दोनदा त्याला वाटलं, देवीला हात जोडावेत आणि मशीन उचलावं. धीर झाला नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा उठली. वहिनींनी हिरवा खण कटिंगच्या टेबलावर पसरला. उमाकांतने मोठी कात्री उचलली आणि अण्णांपुढे धरली.

"घे तू," अण्णा म्हणाले.

"तुम्ही नुसता हात लावा अण्णा. मी धरतो ना वरून."

"अक्षर गिरवणारं पोर आहे व्हय मी?" अण्णांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "हात जायचा तो गेला, उमा. मला कळतंय. तुला कधी कळायचं? खण ठेवायचा नसतो तसा. काप." डाव्या हाताने त्यांनी इस्त्रीशेजारच्या मशीनकडे बोट दाखवलं. "मला ते दे."

उमाकांतचे डोळे भरून आले. त्याला रडू आलं ते भावाच्या हातासाठी, आणि थोडं स्वतःसाठीही. आता कापड बिघडलं तर बोट दाखवायला कोणी उरलं नव्हतं.

मधल्या दारातून टीव्ही दिसत होता. त्याने मशीन जोडून दिलं. वहिनींनी त्यावरचं कुंकू पुसायला फडकं आणलं, तर अण्णांनी मान हलवून नको म्हटलं. दांड्याचा डबा त्यांनी मांडीवर घेतला, उजवा हात डाव्याने उचलून त्यावर ठेवला, त्याचा अंगठा गोळी सोडायच्या तांबड्या बटणावर बसवला आणि डाव्या हाताने दांडा धरला.

विमानं उतरू लागली. अंगठा काही दबला नाही. अण्णांची गोळी एकही सुटेना, पण त्यांना विमानाचा धक्काही लागेना. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, ते नुसतेच चुकवत राहिले.

उमाकांतने खडूच्या रेघेवर कात्री लावली. अर्ध्यात आल्यावर त्याचा हात अडखळला आणि कात्रीचा आवाज बंद झाला.

"थांबू नको," टीव्हीवरची नजर न काढता अण्णा म्हणाले. "थांबलास की कापडाच्या कडेला दात पडतात."

त्याने बाहीने डोळे पुसले आणि खण शेवटपर्यंत कापला.