रविवारची गाडी

“दाब,” गाडीखालून सासरे म्हणाले.

जावयाने ब्रेकवर पाय दाबला.

“धरून ठेव. सोडू नकोस हां. मी सांगेन तेव्हा.”

चाकाच्या आत हवा सोडायची निपल सैल झाली, नळीतून ब्रेकचं तेल बाटलीत उतरलं आणि त्याबरोबर दोन-चार बुडबुडे वर आले. सासऱ्यांनी निपल आवळली.

“सोड. पुन्हा दाब.”

ब्रेकमधली हवा काढणं एकट्याचं काम नाही. एकाने वर बसून दाबायचं, दुसऱ्याने खाली आडवं पडून बघायचं, आणि मध्ये नुसता आवाजावर भरवसा. तो भरवसा या दोघांत कसा राहिला होता, हे गल्लीतल्या लोकांना पडलेलं कोडं होतं. कारण कोर्टाचा कागद झाल्यापासून सासरे हे सासरे नव्हते आणि जावई हा जावई नव्हता. मुलगी दूरच्या शहरात दुसरा संसार थाटून बसली होती. पण या दोघांना दुसरं काय म्हणायचं हे कुणालाच सुचलं नाही, तेव्हा आपणही तेच म्हणू.

घटस्फोटानंतरच्या पहिल्या रविवारी सासरे शेडमध्ये एकटेच बसले होते. आता ही वर्षानुवर्षं बंद पडलेली गाडी भंगारात द्यावी, असं मनाशी ठरवूनही झालं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. जावई आला, खुंटीवरचा मळका शर्ट त्याने अंगात घातला आणि विचारलं, “कार्बोरेटर खोलायचा होता ना आज?” सासऱ्यांनी पान्याची पेटी त्याच्याकडे सरकवली. त्या दिवसापासून ‘जावईबापू’ आणि ‘तुम्ही’ आपोआप गळून पडलं आणि ‘अरे तू’ सुरू झालं. मुलगी असताना जे जमलं नव्हतं, ते ती गेल्यावर जमलं.

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. बारीक कामाचा हात. सासऱ्यांच्या तोंडातली कवळीही त्याचीच. खालची जरा टोचते म्हटल्यावर त्याने ती याच शेडमध्ये, गाडीच्या बॉनेटवर फडकं पसरून, घासून दिली होती. सासऱ्यांना रविवारची वाट पाहायची सवय लागली होती. बाकीचे दिवस त्यांना नकोसे होत. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नसतं. पण शनिवारी संध्याकाळी ते पाने पुसून ओळीने मांडत, तेव्हा तिला काय ते कळत असे.

आज मात्र त्यांचं लक्ष कामात नव्हतं. काल त्यांचा मेहुणा येऊन गेला होता. मेहुणा म्हणजे कुणाच्याही घरी चहा प्यावा आणि कपात विष सोडून जावं, असा माणूस.

“भाऊजी, एक विचारू? राग मानू नका,” त्याने सुरुवात केली होती. राग येईल असंच बोलायचं असलं की तो अशीच सुरुवात करी. “बायको सुटली, पण तिच्या बापाची गाडी काही सुटत नाही त्याला. का, सांगा बरं?”

“हौस आहे त्याला.”

“हौस! आवळा देऊन कोहळा काढतोय तो. लग्नात तुम्हीच म्हणालात ना, चार लोकांत, की ही चालू झाली की जावईबापूंची? तो विसरलेला नाही. तुम्ही विसरलात.”

सासऱ्यांची सगळी नोकरी दुकानांचे वजनकाटे तपासण्यात गेली होती. ताज्या भाजीखालचं पारडं आधी उलटून बघायचं, गोड बोलणाऱ्याचा काटा दोनदा तपासायचा. मापात पाप शोधायची ही खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती. फक्त तिला काही दिवस काम मिळालं नव्हतं. मेहुण्याने ते दिलं. रात्रभर त्यांनी एकेक रविवार काढून तोलला, आणि सकाळी उठले तेव्हा त्यांना सगळेच हलके वाटत होते.

शेवटच्या चाकातून बुडबुडे यायचे थांबले. सासरे पाठ धरत बाहेर आले.

“पायाला कसा लागतोय?”

“घट्ट. एकदम दगड,” वरून जावई म्हणाला. मग किल्लीकडे हात नेत, “बाबा, लावून बघू या का? सगळंच झालंय आता.”

“बघ. चोक ओढ आधी.”

जावयाने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. त्याने पुन्हा फिरवली. या खेपेला ती धरली, थरथरली, शेडच्या पत्र्याला कापरं भरलं आणि मग आवाज हळूहळू एका लयीत आला. जावई मोठ्याने हसला. स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटून तो ओरडला, “आई! अहो आई, बाहेर या! चालू झाली!”

इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. कालचा दिवस उजाडला नसता तर तेही हसले असते. आज त्यांनी ते हसू पारड्यात टाकलं.

“मग? केव्हा नेताय?” त्यांनी विचारलं.

“कुठे?”

“तुमच्या घरी.”

जावयाला वाटलं, चेष्टा आहे. तो हसतच राहिला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“चार लोकांत शब्द दिला होता मी,” सासरे म्हणाले. “कमी भरणाऱ्यांतला नाही मी. आजच घेऊन जा तुम्ही. म्हणजे दर रविवारी हेलपाटे नकोत, आणि आई-बाबा करत बसायला नको.”

“काय बोलताय, बाबा?”

“फुकट कुणी राबत नाही, एवढं कळतं मला. हे केस उन्हात पांढरे नाही झाले.”

त्याने बनवलेल्या दातांनी ते हे बोलले. बोलताना एक अक्षर अडखळलं नाही.

जावयाचं हसू एकदम गेलं नाही. ते तोंडावर राहिलं आणि नुसतंच राहिलं. त्याने स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“मला गाडी चालवता येत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“शिकलोच नाही कधी. रस्त्यावर भीती वाटते मला.”

तो उतरला. इंजिन तसंच चालू होतं. नळाशी जाऊन त्याने साबण लावून हात धुतले, नखं घासली, मळका शर्ट काढून खुंटीला लावला. सासूबाईंच्या समोर येऊन तो जरासा थांबला.

“निघतो, आई.”

इतके रविवार तो ‘येतो’ म्हणत होता. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. फाटक वाजलं.

“तुला माहीत होतं हे?” सासऱ्यांनी विचारलं.

“लग्नाची बोलणी चालू असतानाच त्याच्या आईने सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा सगळ्यांना गाडीचं सांगत होतात.”

“मग इथे कशाला येत होता तो?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचं त्यांना विचारवेना.

“मी काय सांगू? तुम्ही काटेवाले,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सासरे गाडीत बसले. जावयाच्या बसण्याने सीट अजून गरम होती, आणि ते त्यांना सहन होईना. त्यांनी गिअर टाकला. इतकी वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी फाटकातून बाहेर आली तेव्हा गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बघू लागली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सासऱ्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

जावई बसथांब्यावर उभा होता, एकटाच. सासऱ्यांनी गाडी अगदी त्याच्यापाशी नेऊन लावली आणि त्याच्या बाजूचं दार उघडायला आडवे वाकले. हात नुसत्या पत्र्यावर फिरला. त्या दाराचं आतलं हँडल अजून बसवायचं होतं. काच खाली करायची मूठही. ते पुढच्या रविवारचं काम होतं.

त्यांनी काचेवर टकटक केलं. बाहेरून दार उघड, अशी खूण केली. बाहेरून ते उघडत होतं.

जावयाने पाहिलं. तो एक पाऊल पुढे आला आणि वाकला. पण दाराकडे नाही, बॉनेटकडे. कान देऊन त्याने इंजिनचा आवाज ऐकला. मग सासऱ्यांकडे बघून दोन बोटांनी हवेत स्क्रू फिरवल्यासारखं केलं. जरा कमी करा. सासऱ्यांनी मान हलवली. ते काही बोललेही, पण काच बंद होती.

मागून बसने हॉर्न दिला. मग पुन्हा, लांबलचक. थांब्यावरची जागा तिची होती. सासऱ्यांना गाडी पुढे घ्यावी लागली, आणि ती कुठेही न अडखळता, छान पुढे गेली.